उजवीकडून उघडणारी किताब

नाना, ती पोरगी कुठं जाते ते कळलं.

तुमचं तेरावं झालं, पाहुणे पांगले, भाड्यानं आणलेली मोठी पातेली परत गेली, आणि मग पुण्याहून मृणालचा फोन आला. मृणाल म्हणजे माझी चित्रकलेच्या कॉलेजातली मैत्रीण. तिनं पाठवलेलं चित्र मी स्वयंपाकघरात उभ्यानंच मोबाइलवर उघडलं, बघितलं, आणि सवयीनं तुमच्या खोलीकडे निघाले. दारापर्यंत गेलेसुद्धा. कॉट उघडी होती, गादी गच्चीवर उन्हात टाकलेली. इतकी वर्षं तुम्ही मला एकच प्रश्न विचारून गप्प बसवत आलात, आणि उत्तर आलं तेव्हा ऐकायला तुम्ही नाही. मला रडू नाही आलं. मला तुमचा राग आला. सून सासऱ्यावर रागावली तर चार माणसं नावं ठेवतात, म्हणून परत जाऊन कणीक मळायला घेतली.

पण तुमच्याशी बोलल्याशिवाय मला चैन पडणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. म्हणून हे लिहितेय.

त्या किताबीपासूनच सुरुवात करायला हवी. 'किताब' हा तुमचा शब्द. तुमच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आपण हैदराबादला गेलो होतो, मी नवीन नवरी, विलासला रजा मिळाली नाही म्हणून सोबतीला मला पाठवलं. पट्टी निघाल्यावरच्या रविवारी तुम्ही हट्टानं मला फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात घेऊन गेलात. डोळा नवा आहे, त्याला काहीतरी चांगलं दाखवलं पाहिजे, म्हणालात. तुम्हाला उर्दू पुस्तकं हवी होती. निजामाच्या राजवटीत तुमची शाळा उर्दूत झालेली. मराठी अक्षरं तुम्ही नंतर शिकलात, पण तहसीलमध्ये आयुष्यभर नोकरी केली ती त्या उर्दूच्याच जोरावर. निवृत्तीनंतरही जुने कागद वाचून घ्यायला जिंतूर, सेलूकडची माणसं आपल्या ओट्यावर येऊन बसायची.

त्या ढिगात तुम्हाला ते पुस्तक सापडलं. मागचं-पुढचं कव्हर फाटून गेलेलं. आत एकही अक्षर नाही, पानाला आकडा नाही. प्रत्येक पानावर एकच मोठं चित्र, काळ्या शाईतलं. तुम्ही ते तसंच उभ्यानं चाळलं, पूर्ण, एका जागी. मागची गर्दी ढकलत होती तरी हलला नाहीत. मग माझ्याकडे देऊन म्हणालात, "हे घेऊन ठेव. ह्यात आपलं गाव हाय."

मी एका चित्राच्या कोपऱ्यातली सही पाहिली. ती सही मला पाठ होती. बेल्जियमचा एक चित्रकार, लहान मुलांसाठी विनोदी चित्रकथा काढणारा. एक जाडा पोस्टमन आणि त्याच्या सायकलच्या टोपलीत बसलेलं भांडखोर बदक. कॉलेजच्या लायब्ररीत त्याचे दोनतीन अंक होते, ते आम्ही फाटेपर्यंत पाहिले होते. त्याच हातानं हे काळंभोर पुस्तक काढलंय यावर माझा विश्वास बसेना. रेघ तीच, झाडांची पानं काढायची तऱ्हा तीच, पण हसू कुठेच नाही. परतीच्या गाडीत मी तुम्हाला त्याचं नाव सांगितलं. तुम्हाला ते शेवटपर्यंत म्हणता आलं नाही. तुमच्या तोंडी तो 'बदकवाला' झाला आणि आपल्या घरात आजतागायत बदकवालाच आहे.

परभणीला आल्यावर मी ते पुस्तक नीट पाहिलं. पहिल्या चित्रात सकाळ. नदीकाठचं एक छोटं गाव, उतरती छपरं, धुराडी, एक मनोरा. बायका दारं झाडतायत, कुणी सायकलवर निघालंय. मग एका चित्रात गावकरी चौकात गोळा झालेत, मान खाली. मग गाड्या भरल्या जातात, घोडे जुंपले जातात, गाव रिकामं होतं. मग पाणी येतं. आधी गल्लीत, मग खिडकीत, मग छपरावर. शेवटी मनोऱ्याचं टोक तेवढं उरतं, आणि अगदी शेवटच्या पानावर नुसतं पाणी. एक पक्षी. बस. मी ते मिटलं आणि डोळे पुसत तुमच्याकडे आले. म्हटलं, नाना, किती वाईट गोष्ट आहे हो.

तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत. "वाईट? लय चांगली हाय की. गाव पान्यातून वर येतंय, मानसं परत यायलेत. ह्याच्यात वाईट काय बघितलंस, मास्तरीनबाई?"

मी चित्रकलेची शिक्षिका, म्हणून तुम्ही मला मास्तरीणबाई म्हणायचात, आणि त्यात निम्मी चेष्टा असायची. मला आधी वाटलं हीपण चेष्टाच. मग तुम्ही पुस्तक मांडीवर घेतलंत आणि उघडलंत, उर्दू पुस्तक उघडतात तसं. माझं शेवटचं पान ते तुमचं पहिलं. नुसतं पाणी. मग मनोऱ्याचं टोक वर येतं. मग छपरं. मग ओल्या गल्ल्या. मग गाड्या येतात, सामान उतरतं, आणि शेवटच्या पानावर सकाळ होते.

अक्षर नाही, आकडा नाही, कव्हर नाही. तुमची चूक दाखवायची तरी कशी? पण मी सोडणार होते थोडीच. त्या दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं. चहाच्या वेळी ओट्यावर, तुम्ही खुर्चीत, मी पायरीवर, मध्ये ती किताब.

मी म्हणायची, "नाना, घोड्यांची तोंडं बघा. गावाबाहेरच्या दिशेला आहेत. गाड्या चालल्यात."

तुम्ही म्हणायचात, "मास्तरीनबाई, तुमी कधी गाडी खाली केली का? दारात गाडी मागं घेत्यात. तोंड बाहेरच असतंय."

मी म्हणायची, "बाई रडतेय."

तुम्ही म्हणायचात, "मग? एवढ्या वर्सांनी घर दिसलं, रडंल न्हाई तर काय करंल?"

एकदा मी तुम्हाला धुरात पकडलं. तुमच्या म्हणण्याप्रमाणे लोक आत्ताच परत आलेत, मग पुढच्याच पानावर प्रत्येक धुराड्यातून एवढा धूर कसा? तुम्ही चहा संपवलात, बशी पालथी घातलीत, आणि म्हणालात, आल्या आल्या चूल पेटवत नाहीत त्या बायका कसल्या? घरातून बाई हसल्या. बाई म्हणजे विलासची आई, माझ्या सासूबाई. त्यांनी ते पुस्तक कधी हातात घेतलं नाही. धुणं वाळत घालता घालता आपलं भांडण ऐकायच्या, आणि मध्येच कधीतरी धुणं तसंच टाकून आत जायच्या. का जायच्या, हे मला तेव्हा कळायचं नाही.

एक गोष्ट मात्र मी तुमच्याकडूनच शिकले. आम्ही चित्र डावीकडून पाहतो. शाळेत मी मुलांना तेच शिकवते, नजर डावीकडून आत येते आणि उजवीकडे बाहेर जाते. तुमची नजर उजवीकडून यायची. त्यामुळे जे मला कधी दिसलं नव्हतं ते तुम्हाला पहिल्यांदा दिसलं. सकाळच्या चित्रात, अगदी उजव्या कडेला, एका दारात एक लहान मुलगी उभी आहे. अंगठ्याएवढी. अनवाणी. सगळं गाव आपापल्या कामात, ती एकटीच आपल्याकडे बघतेय. मी ते पुस्तक कितीदा पाहिलं होतं, आणि ती मला दिसली नव्हती.

मग तुम्ही तो प्रश्न विचारलात.

"तुझ्या गोष्टीत सारं गाव निघून जातंय. ठीक हाय. पन ही पोरगी कोन्त्याच गाडीत न्हाई. मी भिंग घेऊन बघितलं. तुझ्या गोष्टीत ही पोरगी कुठं जाती, ते सांग."

मीही भिंग घेऊन बसले. एकेक गाडी पाहिली. म्हाताऱ्या, कोंबड्या, गाद्या, एक भिंतीवरचं घड्याळ. ती नव्हती. मी म्हटलं, चित्रकार विसरला असेल. तुम्ही एवढंच म्हणालात, की ज्यानं कोंबडीचं पीस न् पीस काढलं तो पोरगी विसरत नाही. मग मी उलटा प्रश्न टाकला. तुमच्या गोष्टीत तरी ती कुठून येते? परतणाऱ्या गाड्यांतही ती नाहीच की.

"ती कुठून येत न्हाई," तुम्ही म्हणालात. "ती हितंच हाय आधीपासून. तिलाच घ्यायला तर सगळे परत यायलेत."

भांडण तिथंच अडलं, आणि पुढची सगळी वर्षं आपण त्याच जागी येऊन थांबत राहिलो. मी पुस्तकाची माहिती शोधत राहिले. इंटरनेटवर पोस्टमन आणि बदक ढिगानं मिळायचं, त्यांची खेळणी, त्यांचे चहाचे कप. या काळ्या पुस्तकाचा कुठं उल्लेखही नाही. सहीच्या खाली काही लिहिलंय असं वाटून मी भिंगातून पानं चाळायची, आणि तुम्ही म्हणायचात, बदकवाला आला का गं घरी?

एका उन्हाळ्यात येलदरीचं पाणी फार खाली गेलं. पूर्णा नदीवरच्या त्या धरणात तुमचं गाव गेलेलं, हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं, पण तुम्ही त्यावर कधी बोलत नव्हता. गाव उघडं पडलंय असा निरोप आला तेव्हा विलासनं विचारलं, चलायचं का? बाई नाही म्हणाल्या. तुम्ही सदरा बदलून गाडीत जाऊन बसलात.

ते मी कधी विसरणार नाही. भेगाळलेला गाळ, त्यातून वर आलेले घरांचे चौथरे, महादेवाच्या देवळाचा कळस, शिंपले. माणसं मोबाइलवर फोटो काढत फिरत होती. तुम्ही कुणाला न विचारता सरळ चालत गेलात, इकडून वळलात, तिकडून वळलात, भिंती नव्हत्या तरी भिंतींना वळसा घालून. एका चौथऱ्यापाशी थांबलात. पण वर चढला नाहीत. मागच्या बाजूला गेलात, जिथं एका कडुलिंबाच्या झाडाचं काळं पडलेलं खोड होतं. तिथं चपला काढल्यात. मला वाटलं इथं घरचा देव असेल. तुम्ही खाली वाकलात, हात जमिनीला लावलात, नमस्कारासाठी नाही; लेकराला ताप आहे का बघतात तसा उलटा हात. मग चपला हातात घेऊन तुम्ही तापलेल्या गाळावरून गाडीपर्यंत अनवाणी आलात. विलास म्हणाला, नाना, पाय भाजतील.

त्या संध्याकाळी मी चहा घेऊन ओट्यावर आले तर किताब तुमच्या मांडीवर होती, शेवटचं पान उघडं. तुमचं शेवटचं. त्या दिवशी तुम्ही भांडला नाहीत. त्यानंतर मी तुम्हाला कधी म्हटलं नाही की तुम्ही उलटं वाचताय. गाव पाण्यातून वर येताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

तुमचं जाणं तसं शांत झालं, असं सगळे म्हणतात. जेवण कमी झालं, मग बोलणं कमी झालं. शेवटच्या दिवसांत तुम्ही एकच विचारायचात, "पानी उतरलं का?" विलासला वाटायचं तुम्हाला नळाचं पाणी म्हणायचंय. तो म्हणायचा, आलं नाना, टाकी भरली. तुम्ही मान फिरवायचात. मी म्हणायची, उतरतंय नाना, छपरं दिसायला लागलीत. मग तुमचा चेहरा सैल व्हायचा. आपल्या दोघांची ती बोली तिसऱ्याला कळत नव्हती, असं मी समजत होते. बाई कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होत्या.

आणि मग ते पिठाचं.

जिथं जीव गेला त्या जागी ज्वारीचं पीठ पसरतात, शेजारी दिवा ठेवतात, वर टोपलं पालथं घालतात. सकाळी टोपलं उचलून पिठावर काय उमटलंय ते पाहतात, गेलेला माणूस कुठल्या रूपानं येऊन गेला त्याचा अंदाज बांधतात. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण सकाळी सगळ्या बायकांबरोबर मीही वाकले. पिठावर खुणा होत्या. बारीक, एकामागं एक, कडेपासून मध्यापर्यंत आलेल्या. तुमची पोखर्णीची बहीण म्हणाली, पाखरू. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, उंदीर असेल, टोपल्याला भोक आहे. बाई बराच वेळ बघत राहिल्या.

"ह्ये त्येंचं न्हाई," बाई म्हणाल्या. "ही लहानी हाय. न्यायला आलती."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. दुःखानं म्हातारीचं डोकं ठिकाणावर नाही, असा तो अर्थ. मलाही तसंच वाटलं. पण तेव्हापासून माझी झोप गेली, नाना. दुपारी घरात कुणी नसताना तुमच्या खोलीतून पान उलटल्याचा आवाज यायचा. पंखा बंद असायचा. मी जाऊन पाहायची. किताब तुमच्या उशाच्या कोनाड्यात ठेवली होती तिथंच, मिटलेली. एकदा मी ती उघडली आणि निम्म्यावर आल्यावर लक्षात आलं की मी तुमच्या बाजूनं उघडली होती. मी घाबरले, हे कबूल करते. सकाळच्या चित्रापर्यंत जायचा मला धीर झाला नाही. ती दारात उभी असेल आणि माझ्याकडे बघेल, असं वाटलं. अंगठ्याएवढ्या चित्राला भिऊन मी पुस्तक मिटलं.

अशात मृणालचा फोन आला. तिनं गेल्या वर्षी बेल्जियममधल्या जुन्या चित्रकथांच्या एका संग्राहकाला आपल्या किताबीचे फोटो पाठवले होते. इतक्या महिन्यांनी त्याचं उत्तर आलं. बदकवाल्यानं हे पुस्तक एकदाच काढलं. खपलं नाही. लोकांना बदक हवं होतं, प्रकाशकालाही बदकच हवं होतं, मग तो परत बदकाकडे गेला आणि मरेपर्यंत बदकच काढत राहिला. त्याच्या गावातल्या लोकांनाही या पुस्तकाची आठवण नाही. संग्राहकाकडे मात्र एक धड प्रत आहे, आणि आपल्या प्रतीत शेवटचं एक पान कमी आहे. नुसत्या पाण्यानंतरचं. त्यानं त्या पानाचा फोटो पाठवला.

ते चित्र पाण्याखालचं आहे. वर खूप उंचावर एक होडी जाते आहे, तिचा फक्त तळ दिसतो. खाली गाव. छपरं, मनोरा, सगळं जागच्या जागी. आणि उजव्या कडेला त्याच दाराच्या पायरीवर ती बसली आहे. गुडघे जवळ घेतलेले, पाय उघडे, केस पाण्यात थोडेसे वर उचललेले. ती कुठंच जात नाही, नाना. सगळं गाव गाडीत बसून गेलं, आणि ती तिथंच राहिली. तुमच्या बाजूनं पाहिलं तर गोष्ट तिथूनच सुरू होते. ती हितंच हाय आधीपासून, असं तुम्ही म्हणाला होतात.

मी स्टेशन रोडच्या स्टुडिओतून त्याचा मोठा प्रिंट काढून आणला. किताबीत ठेवावा म्हणून तुमच्या खोलीत बसले होते, तर बाई आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी हात पुढे केला. मी प्रिंट दिला. त्या खिडकीशी गेल्या, उजेडात धरला. त्यांना वाचता येत नाही, चित्र बघायची सवय नाही. पण कुठं बघायचं हे त्यांना सांगावं लागलं नाही.

"जागा ठिवलीया," त्या म्हणाल्या.

मी जवळ जाऊन पाहिलं. खरंच, ती पायरीच्या मधोमध बसलेली नाही. एका कडेला सरकून बसली आहे. शेजारी एक माणूस बसेल एवढी जागा मोकळी आहे. चित्रकलेची मी शिक्षिका. पुन्हा एकदा मला ते दिसलं नव्हतं.

मग बाई तुमच्या कॉटवर बसल्या आणि बोलल्या. तुम्ही जे मला कधी सांगितलं नाहीत ते सगळं. विलासच्या आधी, गावात असताना, तुम्हाला एक मुलगी झाली होती. शेवंती. चालायला लागली होती, दारात उभी राहून तुमची वाट बघायची. तापानं गेली. लहान लेकराला जाळत नाहीत, म्हणून घरामागं लिंबाखाली पुरलं. आणि त्यानंतर दोन उन्हाळ्यांनी धरणाचा हुकूम आला.

"गाड्या भरल्या," बाई म्हणाल्या. "भांडी घेतली, जातं घेतलं, तुळस घेतली. समदं घेतलं. निघताना म्या म्हनलं, मागं जाऊन एक हाक मारून येते लेकराला. तर ह्ये म्हनले, नको. उठंल ती."

मला किताबीतल्या त्या भरलेल्या गाड्या आठवल्या, तुमचं भिंग आठवलं, तापलेल्या गाळावर ठेवलेला तुमचा उलटा हात आठवला. मी इतकी वर्षं तुमच्याशी घोड्यांच्या तोंडांवरून भांडत होते, नाना. आणि तुम्ही मला भांडू देत होतात. तुम्हाला कुणाशीतरी त्या पोरीबद्दल बोलायचं होतं आणि ते असंच बोलता येत होतं, याबद्दल मी तुमची ऋणी आहे. पण एकदा नाव घेतलं असतंत तर काय बिघडलं असतं? मी तिचं नाव घेऊन भांडले असते. विलासला आपल्याला एक बहीण होती हे वयाच्या पन्नाशीनंतर कळलं. तो ओट्यावर तुमच्या खुर्चीत जाऊन बसला, आणि दिवेलागणीपर्यंत तिथंच होता.

तुमच्या अस्थी गंगाखेडला गोदावरीत गेल्या, रीतीप्रमाणे. भटजींसमोर विलासनंच सोडल्या. पण बाईंनी त्यातली चिमूटभर आधीच पदराच्या गाठीत बांधून ठेवली होती, हे आम्हाला नंतर कळलं. शेवंतीचं सांगितलं त्याच दिवशी त्यांनी ती गाठ आमच्यापुढे धरली आणि म्हणाल्या, येलदरीला जायाचं.

काल गेलो. यंदा पाऊस चांगला झालाय, धरण काठोकाठ आहे. चौथरे नाहीत, कळस नाही, लिंबाचं खोड नाही. नुसतं पाणी. खरं सांगते, एक पक्षीही होता, दूरवर. मी किताब सोबत नेली होती. काठावर बसून तो प्रिंट तुमच्या बाजूनं पहिलं पान म्हणून आत ठेवला. डिंक लावला नाही. कुणाला माझ्या बाजूनं शेवटी ठेवायचा असेल तर ठेवू दे. माझं म्हणणं मी सोडलेलं नाही, नाना. तो चित्रकार डावीकडून उजवीकडेच लिहिणारा होता, घोडे गावाबाहेरच चालले होते, आणि ती बाई घर सुटलं म्हणूनच रडत होती. पण आता मला दोन्हीकडून वाचता येतं.

विलासनं बाईंना हात धरून पाण्यापर्यंत नेलं. त्यांनी काठावर चपला काढल्या. मग विलासनं काढल्या, मग मी. बाईंना गाठ सुटेना, बोटं चालत नाहीत त्यांची. मी सोडायला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. स्वतःच सोडली. चिमूट पाण्यावर टाकली, ती थोडी तरंगली आणि दिसेनाशी झाली. मला वाटलं आता बाई रडतील, म्हणून मी त्यांच्या मागं उभी राहिले.

त्या रडल्या नाहीत. पदर डोक्यावर नीट घेतला, थोड्या पुढं वाकल्या, आणि जेवायला बोलावतात तितक्याच आवाजात हाक मारली.

"शेवंते, ऊठ. नाना आलेत."